आधार आणि रुजुवात

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौचिप’ आणि ‘महिषचिप’ यांचे लोकार्पण झाले, तेव्हा देशी गायी-म्हशींच्या वंशसुधारणेच्या कामी ही नवी साधने उपयोगी पडतील आणि वासराच्या अंगचे आनुवंशिक गुण त्याच्या लहान वयातच कळू लागतील, एवढी गोष्ट वर्तमानपत्रांतून बहुतेकांच्या वाचनात आली. ‘चिप’ हा शब्द ऐकून पुष्कळांच्या डोळ्यांपुढे संगणकाच्या पोटातील एखादा भाग उभा राहिला असेल, आणि त्यात वाचकांचा काही दोष नाही. वस्तुतः जनुकीय चिप हे एक अतिसूक्ष्म दफ्तर आहे. एका घन पृष्ठभागावर, आधीच नेमून दिलेल्या जागी, डीएनएचे ज्ञात तुकडे पक्के बसविलेले असतात. ज्या जनावराची परीक्षा करावयाची त्याचा डीएनए त्या पृष्ठभागावर सोडला जातो, आणि तो कोठे जुळतो व कोठे जुळत नाही हे पाहिले जाते. जुळण्याची ही कथा सर्वत्र सांगितली जाते. बसविण्याची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही. रुग्णालयात, न्यायालयात आणि आता गोठ्यातही डीएनएच्या शब्दावर आपण जो विश्वास टाकू लागलो आहोत, त्याचा पाया या न सांगितलेल्या कथेत आहे, असे माझे मत आहे. आणि तो पाया ज्यांना ठाऊक नाही त्यांनी त्या शब्दाला अखेरचा निवाडा समजावे, हे मला समाजाच्या हिताचे वाटत नाही.

आपल्या दफ्तरी कारभारात ‘रुजुवात’ नावाचा एक जुना शिरस्ता आहे. नक्कल तयार झाली की ती अस्सलाशी अक्षरशः ताडून पाहावयाची, आणि मगच ती खरी मानावयाची. डीएनएच्या रेणूत निसर्गाने हाच शिरस्ता घालून ठेविला आहे. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी, रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रणाचा आधार घेऊन, हा रेणू दुपेडी असल्याचे दाखविले: एका पेडातील ॲडेनिन या क्षारकासमोर दुसऱ्या पेडात थायमिनच यावयाचे आणि ग्वानिनसमोर सायटोसिनच. पहिल्या जोडीला धरून ठेवणारे हायड्रोजन बंध दोन असतात, दुसऱ्या जोडीला तीन. पुढे १९६० साली हार्वर्ड विद्यापीठात पॉल डॉटी, ज्युलियस मार्मुर आणि त्यांचे सहकारी यांनी असे सिद्ध केले की, हा दोर तापवून त्याचे दोन पेड सुटे केले आणि द्रावण सावकाश निवू दिले, तर विलग झालेले पेड आपापला जोडीदार शोधून पुन्हा एकत्र येतात. याचा अर्थ असा की, एक पेड आपल्याजवळ असेल तर त्याच्या साहाय्याने असंख्य अनोळखी पेडांच्या गर्दीतून त्याचा नेमका जोडीदार ओळखता येईल. भिन्न मूळ असलेल्या पेडांच्या या मीलनालाच शास्त्रज्ञ संकरण म्हणतात, आणि संकरण म्हणजे रेणूंच्या पातळीवरील रुजुवातच होय.

परंतु तत्त्व हाती आले म्हणून व्यवहार सुलभ होतो असे नाही. पाण्यात मोकळे सोडलेले पेड परक्या जोडीदारापेक्षा आपल्या मूळच्या सोबत्यालाच पुन्हा गाठण्याची शक्यता मोठी असते, आणि एकदा ते जुने युगुल जमले की बाहेरून आणलेल्या शोधक पेडाला जागाच उरत नाही. शिवाय कोण जुळले आणि कोण मोकळे राहिले याची निवड करावी कशी? सगळे एकाच भांड्यात, एकाच पाण्यात तरंगत असलेले. १९६१ साली बेंजामिन हॉल आणि सोल स्पीगलमन यांनी विषाणूचा डीएनए आणि त्याच्यापासून घडलेला आरएनए यांचा संकर दाखविला खरा, पण त्यासाठी सीझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात तो मिश्रणरस अतिवेगाने दीर्घकाळ फिरवून, घनतेच्या फरकाने त्याचे थर वेगळे करावे लागले. अशा पद्धतीने एखादा मूलभूत सिद्धांत प्रस्थापित होऊ शकतो. हजारो रुग्णांच्या रक्ताची तपासणी होऊ शकत नाही.

या अडचणीवरचा तोडगा इतका साधा होता की त्याचे मोल अद्यापही पुरते ओळखले गेलेले नाही. दोहोंपैकी एका पक्षाला बांधून ठेवावे, एवढाच तो तोडगा. १९६२ साली वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत एलिस बोल्टन आणि ब्रायन मॅकार्थी यांनी सुटे केलेले लांब पेड समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अगारच्या लगद्यात अडकवून टाकले. लांब पेडांना त्या जाळ्यातून हलता येईना, म्हणून ते आपल्या जुन्या सोबत्यांना भेटू शकेनात. लहान तुकडे मात्र आत शिरून त्यांच्याशी जुळू शकत, आणि जे जुळत नसत ते पाण्याबरोबर बाहेर निघून जात. १९६४ साली याच रीतीने माणूस, माकड आणि उंदीर यांच्या डीएनएमधील जवळीक-दुरावा मोजण्यात आला, आणि प्राण्यांच्या नात्यागोत्याचा हिशेब शरीराच्या बाह्य खुणांवाचून मांडता येऊ लागला. तिकडे १९६३ साली आग्नार न्यूगार्ड आणि हॉल यांना आढळले की नायट्रोसेल्युलोजचे पातळ पटल डीएनएशी जुळलेला आरएनए धरून ठेवते. आणि १९६५ साली डेव्हिड गिलेस्पी आणि स्पीगलमन यांनी आधी डीएनएच त्या पटलावर पक्का बसवून, मग त्याच्यावर आरएनए सोडून, जुळलेल्याचे प्रमाण मोजण्याची रीत दिली.

या लहानशा फेरफाराने दोन गोष्टी एकदम साधल्या. बांधलेले पेड आपसांत जुळेनासे झाले, ही पहिली. आणि जे जुळले नाही ते धुऊन टाकता येऊ लागले, ही दुसरी. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीहून थोर आहे. ज्ञानाच्या क्षेत्रात एखाद्या होकाराला किंमत येते ती नकाराची सोय असते म्हणून. जे खोटे आहे ते वाहून जाण्याला वाट ठेवलेली असेल, तरच मागे राहिलेल्याला खरे म्हणता येते. आधार स्थिर असल्यावाचून धुणे शक्य नाही, आणि धुतल्यावाचून निवड शक्य नाही. डीएनए पृष्ठभागाला चिकटविण्याच्या कलेचा सारा मथितार्थ एवढ्या वाक्यात येतो.

दहा वर्षांनी, १९७५ साली, एडिंबरो येथे एडविन सदर्न यांनी या कलेला असे रूप दिले की जगातील प्रत्येक जीवशास्त्रीय प्रयोगशाळेत ते पोहोचले. विकरांनी तुकडे केलेला डीएनए ॲगरोजच्या लगद्यात विद्युत्प्रवाहाने पसरविला की लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि लांबीप्रमाणे त्यांची रांग लागते. परंतु त्या लिबलिबीत लगद्यावर संकरण करणे कठीण. सदर्न यांनी लगद्यातील पेड अल्काने सुटे केले, तो लगदा मिठाच्या तीव्र द्रावणाने भिजलेल्या कागदावर ठेविला, त्याच्यावर नायट्रोसेल्युलोजचे पटल अंथरले, आणि वर कोरड्या कागदांची थप्पी रचून दिली. दिव्याची वात ज्या न्यायाने तेल वर ओढते त्याच न्यायाने कोरड्या कागदांनी रात्रभर खारे पाणी वर ओढले, त्या पाण्याबरोबर डीएनए वर आला, आणि पटलाशी येताच तेथेच अडकला. रांग होती तशीच्या तशी कागदावर उतरली. शाळकरी मुलाच्या वहीवरची ओली शाई टीपकागदावर उमटावी, तितकी ही सरळ गोष्ट. पद्धतीला त्यांचे नाव मिळाले. ते नाव इंग्रजीत दक्षिण दिशेचे वाचक असल्यामुळे, पुढे १९७७ साली स्टॅनफर्ड येथे आरएनएसाठी निघालेल्या पद्धतीला उत्तरेचे आणि नंतर प्रथिनांसाठीच्या पद्धतीला पश्चिमेचे नाव दिले गेले.

याच पद्धतीच्या बळावर १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथील यूएट वाय कान आणि आंद्रे डोझी यांनी, गर्भजलातील पेशींच्या डीएनएवरून, गर्भाला सिकलसेलचा आजार आहे की नाही हे जन्मापूर्वी सांगण्याचा मार्ग उघडला. विदर्भातील आणि नंदुरबार-गडचिरोलीकडील आदिवासी पाड्यांतील ज्या घरांत हा आजार पिढ्यानुपिढ्या वास करीत आला आहे, त्या घरांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कोरड्या कागदांच्या थप्पीपासून आईच्या काळजीपर्यंत असा हा रस्ता आहे.

आता थोडे या चिकटण्याच्या रसायनाविषयी. कारण येथेच विषयाची खरी समृद्धी आहे आणि येथेच सामान्य समजुतीची गफलत होते. डीएनए पृष्ठभागावर ठेवला की बसला, असे नाही. त्याच्या कण्यातील प्रत्येक फॉस्फेटावर ऋण विद्युत्भार असतो. पाण्यात काचेच्या पृष्ठभागावरही ऋणभारच असतो. आणि समान भार एकमेकांस दूर लोटतात. म्हणून काचेवर आधी अमाइन-गट असलेल्या सिलेन संयुगाचा किंवा पॉलिलायसिनचा धनभारित लेप द्यावा लागतो. १९९५ साली स्टॅनफर्डच्या पॅट ब्राउन यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या ज्या काचपट्टीने एकाच वेळी ४५ वनस्पती-जनुकांची हालचाल टिपून दाखविली, तिच्यावर असाच लेप होता. नायट्रोसेल्युलोजच्या पटलावर डीएनए बसावयाचा तर तो एकपेडी हवा, मिठाचे प्रमाण भरपूर हवे, आणि नंतर ते पटल ८० अंश उष्णतेवर सुमारे दोन तास, तेही निर्वात भट्टीत, भाजावयास हवे. कारण हा पदार्थ स्फोटक कापसाच्या कुळातील असल्यामुळे हवेत भडकण्याचे भय असते. एवढे करूनही तो वाळला की ठिसूळ होतो आणि आखूड तुकडे त्याच्यावरून निसटतात. पुढे आलेल्या नायलॉनच्या पटलाने हे दोष पुष्कळसे दूर केले, त्याच्यावर अतिनील किरण पाडले की थायमिनचे नायलॉनवरील अमाइन-गटांशी पक्के बंध जडतात, आणि एकच पटल धुऊन धुऊन अनेक वेळा वापरता येते.

परंतु याच ठिकाणी एक मर्मस्थान आहे. अतिनील किरण गरजेपेक्षा अधिक वेळ पाडले, तर इतकी थायमिने बंधनात गुंततात की जोडीदाराशी जुळण्यासाठी ती मोकळी राहतच नाहीत. डीएनए आधाराला घट्ट बसलेला असतो, पण मुका झालेला असतो. सैल बांधला तर धुण्यात वाहून जातो, जखडून टाकला तर बोलत नाही. सोन्याच्या पत्र्यावर गंधकयुक्त टोकाने डीएनए बसविणाऱ्यांनाही असाच अनुभव आला. एका टोकाने अडकलेला पेड आपल्या क्षारकांनिशी सोन्यावर आडवा लोळतो आणि जुळण्यास अक्षम होतो. म्हणून १९९७ च्या सुमारास त्या पृष्ठभागावर एका लहान गंधकयुक्त अल्कोहोलाचा लेप देण्याची रीत निघाली, ज्यामुळे रिकाम्या जागा भरून जातात, आडवे पडलेले पेड उचलले जातात आणि ताठ उभे राहतात. दाटीचाही प्रश्न आहेच. कोकणातील शेतकऱ्याला भाताची लावणी करताना जे ठाऊक असते, की रोपे फार दाट लावली तर एकमेकांच्या मुळावर येतात, तेच येथेही खरे ठरते: शोधक पेड फार दाट बसविले तर पाहुण्या पेडाला आत शिरण्यास वाव राहत नाही, आणि संख्या वाढवूनही उत्पन्न घटते. आधार कसा असावा, तर धरून ठेवणारा पण गळा न आवळणारा. ही गोष्ट रेणूंना लागू आहे तितकीच संस्थांनाही लागू आहे, असे मला अनेकदा वाटत आले आहे.

यानंतर प्रश्न येतो तो रिकाम्या जागेचा. डीएनए ज्या पृष्ठभागाला आवडीने चिकटतो, त्याला शोधक पेडही तितक्याच आवडीने आणि कसल्याही जुळणीवाचून चिकटणार. म्हणून १९६६ साली डेव्हिड डेनहार्ट यांनी फायकॉल, पॉलिव्हिनिल पायरोलिडोन आणि गायीच्या रक्तातील अल्ब्युमिन यांचे मिश्रण आधी पटलाला पाजण्याची रीत घालून दिली, जेणेकरून मोकळ्या जागा आधीच व्यापल्या जाव्यात. मासळीच्या वीर्यातील डीएनएही त्याच हेतूने घालतात. विद्यार्थिदशेत एकदा वेळेअभावी हा टप्पा मी आटोपता घेतला. रात्रभर पटलावर ठेवलेली, जुळणीच्या जागी काळी पडणारी क्ष-किरण फिल्म सकाळी धुऊन काढली तेव्हा ती या कडेपासून त्या कडेपर्यंत काळी होती. सगळीकडे जुळणी दिसत होती, आणि म्हणूनच कोठेही जुळणी दिसत नव्हती. जो साक्षीदार प्रत्येक प्रश्नाला होय म्हणतो त्याच्या साक्षीला किंमत नसते, हा धडा कोणत्याही ग्रंथाने दिला नसता इतक्या स्पष्टपणे त्या काळ्या फिल्मने मला दिला.

अखेरची पायरी धुण्याची. जुळणी पूर्ण आहे की अर्धवट, हे ठरविण्यासाठी पटल क्रमाक्रमाने कमी मिठाच्या आणि अधिक उष्ण पाण्यात धुतले जाते. मीठ कमी झाले की दोन पेडांच्या ऋणभारांमधील दुरावा वाढतो. उष्णता वाढली की हायड्रोजन बंध ढिले पडतात. ज्यांच्यात चुकीच्या जोड्या आहेत ते संकर अशा वेळी सुटून जातात आणि अचूक जुळलेले टिकतात. जात्याचा खुंटा हालवून बळकट करण्याची आपली जुनी म्हण येथे शब्दशः खरी ठरते. फार हलके धुतले तर नात्यातला परका आणि सख्खा एकच वाटतात. फार कडक धुतले तर सख्खाही निघून जातो. किती मीठ, किती अंश, किती मिनिटे, या तीन आकड्यांत प्रयोगाचा प्रामाणिकपणा साठविलेला असतो. आणि निष्कर्षाच्या छापील दाखल्यात नेमके हेच तीन आकडे वाचकाच्या दृष्टीस पडत नाहीत.

खुंटा न हालविता त्याच्यावर भार टाकला तर काय होते, याचे उदाहरण न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका खून-खटल्यात १९८९ साली जगापुढे आले. आरोपीच्या घड्याळावर सापडलेले रक्त मृत स्त्रीचेच आहे, असे एका खाजगी प्रयोगशाळेने डीएनए-पटलाच्या आधारे सांगितले होते. बारकाईने पाहता एका शोधक पेडाने घड्याळावरच्या रक्ताच्या रांगेत दोन अधिक पट्ट्या दाखविल्या होत्या, आणि त्या परकीय मिश्रणाच्या असाव्यात असे गृहीत धरून प्रयोगशाळेने त्या हिशेबातून वगळल्या होत्या. त्या खरोखरच परकीय आहेत की काय, याची स्वतंत्र रुजुवात मात्र केली नव्हती. तेव्हा दोन्ही पक्षांचे तज्ज्ञ, वकिलांना बाजूस ठेवून, एकत्र बसले, आणि हा पुरावा शास्त्रीय कसोटीस उतरत नाही असे त्यांनी संयुक्त निवेदन केले. न्यायालयाने निवाडा दिला की ते रक्त आरोपीचे स्वतःचे नव्हे एवढेच सिद्ध करण्यापुरता हा पुरावा ग्राह्य आहे. ते मृत स्त्रीचे आहे हे सिद्ध करण्यासाठी नाही. आरोपीने पुढे गुन्ह्याची कबुली दिली. परंतु त्यामुळे त्या पटलाचा दोष नाहीसा होत नाही. सत्य योगायोगाने हाती लागणे निराळे आणि रुजुवातीने हाती लागणे निराळे.

आपल्या देशात या विद्येचा पाया घालणारे डॉ. लालजी सिंह यांनी एडिंबरो येथे असताना पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएतून एक शोधक तुकडा वेगळा काढला होता. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रात त्याच तुकड्याच्या साहाय्याने त्यांनी माणसांची ओळख पटविण्याची स्वदेशी पद्धत उभी केली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस केरळमधील पितृत्वाच्या एका दाव्यात ती न्यायालयापुढे आली. त्या काळी या पद्धतीचा प्रत्येक टप्पा माणसाच्या हाताखालून जात असे. आज न्यायवैद्यक चाचण्यांत पटलाची जागा बहुतांशी दुसऱ्या यंत्रांनी घेतली आहे, हे खरे आहे. परंतु यावरून चिकटविण्याची कला कालबाह्य झाली असे जे म्हणतात, त्यांना मी विनयपूर्वक सांगू इच्छितो की, संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करणाऱ्या आजच्या सर्वाधिक प्रचलित यंत्रांच्या पोटातही काचेचीच पट्टी असते, तिच्यावर लहान पेड पक्के बसविलेले असतात, आणि वाचावयाचा डीएनए प्रथम त्यांनाच येऊन जुळतो. कला नाहीशी झालेली नाही. ती बंद पेटीत गेली आहे. आणि जी गोष्ट पेटीत जाते तिच्याविषयी प्रश्न विचारण्याची सवय सुटत जाते.

ही सवय सुटू न देता काम कसे करावे, याचा धडाही याच विद्येत आहे, आणि तो आपल्या घराजवळचा आहे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या निदानासाठी एक चाचणी मान्य केली. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातही ती वापरात आहे, आणि मुंबईसारख्या, हट्टी क्षयाने ग्रासलेल्या शहरात तिचे मोल फार आहे. संवर्धनाच्या जुन्या पद्धतीने उत्तर मिळण्यास कित्येक आठवडे लागत. ही चाचणी एक-दोन दिवसांत उत्तर देते. तिचे सारे रहस्य एका अरुंद पांढऱ्या पट्टीवर आहे. प्रचलित पट्टीवर २७ ठिकाणी निरनिराळे शोधक पेड ओळीने बसविलेले असतात. रुग्णाच्या थुंकीतील जंतूंच्या डीएनएच्या पुष्कळ प्रती करून त्या ४५ अंश उष्णतेवर तिच्यावर सोडतात, आणि जेथे जुळणी होते तेथे रंगीत रेघ उमटते. रिफँपिसिन किंवा आयसोनियाझिड या औषधांना जंतू दाद देतो की नाही, ते या रेघांवरून कळते. रेघेच्या अभावावरूनही कळते. परंतु माझे मन वेधून घेतात त्या पट्टीच्या टोकाशी असलेल्या नियंत्रण-रेघा: रंग उमटविणारे रसायन काम करीत आहे की नाही, डीएनएच्या प्रती नीट वाढल्या की नाही, तपासला जाणारा जंतू क्षयाच्याच कुळातील आहे की नाही, हे सांगणाऱ्या. त्या उमटल्या नाहीत तर पुढच्या रेघा कितीही ठळक दिसोत, त्यांच्यावरून निवाडा द्यावयाचा नाही. पट्टी आपला पंचनामा आपल्याच अंगावर घेऊन येते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने बीटा-थॅलेसेमियाच्या तपासणीसाठी हीच, सदर्न यांच्या पद्धतीच्या उलट असलेली, रचना वापरली: ज्ञात दोषांचे शोधक पेड पटलावर रासायनिक बंधाने कायम बसवावयाचे आणि रुग्णाचा डीएनए त्यांच्यावर सोडावयाचा. निर्दोष क्रमाचा पेड आणि सदोष क्रमाचा पेड शेजारी शेजारी ठेविलेले. एका क्षारकाचा फरक, आणि त्याच्यावर एका अजून न जन्मलेल्या बालकाचे भवितव्य.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, सामान्य नागरिकाला या तपशिलाचे काय प्रयोजन? वैद्यावर आणि न्यायाधीशावर त्याने विश्वास ठेवावा, हेच बरे. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही; प्रत्येक चाचणीच्या प्रत्येक टप्प्याची उलटतपासणी करीत बसला तर रुग्ण औषधावाचून राहील. परंतु विश्वास आणि आंधळा विश्वास यांत जो फरक आहे तो नेमका एवढाच आहे, की पहिल्याला रुजुवातीची वाट मोकळी असते. सात-बाराचा उतारा आपण रोज तपासीत नाही. पण तपासावयाचा झाला तर तलाठ्याच्या दफ्तरात मूळ नोंद आहे, ही खातरी असल्यामुळेच आपण तो न तपासता स्वीकारतो. डीएनएच्या दाखल्याला तशी मूळ नोंद असली पाहिजे, आणि ती मागणाऱ्यास मिळाली पाहिजे.

म्हणून माझे तीन आग्रह आहेत. पहिला असा की, शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या दाखल्यावर निष्कर्षाबरोबरच नियंत्रणांचा निकाल छापावा, आणि खटल्याच्या प्रसंगी मूळ पट्टी, मूळ आलेख आणि प्रयोगाच्या अटी यांची प्रत आरोपीच्या पक्षास विनातक्रार मिळावी. दुसरा असा की, आपल्या महाविद्यालयांतील जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तयार संचातील बाटल्या ठरलेल्या क्रमाने ओतावयास लावून त्यालाच प्रात्यक्षिक म्हणण्याचे थांबवावे; त्यांनी स्वतःच्या हाताने काचेवर लेप द्यावा, पटल भाजावे, एकदा मुद्दाम रिकाम्या जागा न भरता प्रयोग करून ती काळी फिल्म पाहावी, आणि मीठ व उष्णता बदलीत गेल्यावर खोटी जुळणी कशी निघून जाते ते डोळ्यांनी अनुभवावे. तिसरा असा की, हे काम करणारे जे प्रयोगशाळा-तंत्रज्ञ आहेत, ज्यांची नावे शोधनिबंधांवर क्वचितच येतात आणि ज्यांच्या पगाराचा प्रश्न अंदाजपत्रकात सर्वांत शेवटी येतो, त्यांच्या कौशल्याला दर्जा आणि मोबदला मिळावा. कारण धुण्याचे पाणी दोन अंशांनी थंड आहे हे सर्वप्रथम त्यांच्याच बोटांना कळते.

पद्धती घडविणाऱ्यांचा गौरव जगात अगदीच होत नाही असे नाही. सदर्न यांना २००५ साली अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्यासह लास्कर पारितोषिक मिळाले. आणि चिप-विद्येतील आपल्या स्वामित्वहक्कांतून आलेल्या द्रव्यातून त्यांनी एक न्यास स्थापन केला, जो आफ्रिकेत आणि भारतात गरिबांच्या ताटातील कडधान्यांच्या सुधारणेसाठी साहाय्य करीत आला आहे. ज्या माणसाने कोरड्या कागदांच्या थप्पीने डीएनए वर ओढला, त्याचे ऋण अशा रीतीने आपल्या शिवारापर्यंत येऊन पोहोचले आहे. ते फेडण्याचा एकच मार्ग मला दिसतो, आणि तो म्हणजे त्यांनी आणि त्यांच्या पूर्वसूरींनी घालून दिलेला शिरस्ता मोडू न देणे. गायीचा वंश ठरविणारी चिप असो, रुग्णाचे औषध ठरविणारी पट्टी असो, की एखाद्याचे प्राण ठरविणारा न्यायालयातील अहवाल असो. जी जुळणी धुण्यातून तरली नाही, तिला पुरावा म्हणता येत नाही.